रिकाम्या जागांसह

अर्ज म्हणतो, तुमचं संशोधन चार हजार अक्षरांत सांगा,
रिकाम्या जागांसह.

माझी झालीत चार हजार तीनशे बारा.
बाहेर अॅबरिस्टविथचा समुद्र
किनाऱ्यावरचे गोटे उचलून रस्त्यावर फेकतोय,
आणि मी ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्या उबेला
विशेषणं वेचून काढतेय, मसुरातले खडे काढावेत तशी.
'अत्यंत' गेलं. 'आजवर दुर्लक्षित' गेलं.
ते तर सगळेच लिहितात.

गोष्ट एका वाण्याच्या वहीची आहे.
डोंगरातलं गाव, पाटीच्या दगडाची खाण,
आणि तीन हिवाळे चाललेला संप.
वहीत डावीकडे नावं: लोवरी, वरच्या टोकाचं घर.
ग्वेनल्लियन, विधवा. मार्गेड, सहा मुलं.
मध्ये माल: पीठ, चहा, साबण, दिव्याचं तेल.
उजवीकडे किंमत.
दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका मंगळवारपासून
उजवीकडचा रकाना कोरा.
वजन मात्र चोख, पाव औंसापर्यंत.
एकशे सहा पानं.

तो हिशेब विसरला,
की विसरण्याचाच हिशेब त्याने केला?
एवढाच माझा प्रश्न. सात वर्षं झाली.

पुढे विचारलंय, समाजाला लाभ किती? शक्यतो आकड्यांत.
मी लिहिलं, सहा.
मग खोडलं.

पीएचडीनंतर सात वर्षांच्या आतलेच उमेदवार पात्र.
माझी सात चौदा मार्चला भरतात.
बाळंतपणाला सूट आहे, मुलामागे अठरा महिने.
स्वतःच्या आजारपणाला आहे, डॉक्टरांचं पत्र जोडून.
आईला रकाना नाही.
दोन वर्षं तिला चमच्याने लापशी भरवली;
शेवटी ती मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची,
पण माझ्या वेल्शमधली चूक
तेव्हाही दुरुस्त केल्याशिवाय घास घ्यायची नाही.
त्या दोन वर्षांपुढे माझ्या माहितीपत्रकात काही नाही.
परीक्षक बोट ठेवतील: इथे खंड दिसतो.

मी तासावर शिकवते. पगार तासाचा.
आदल्या रात्रीची तयारी, नंतर जिन्यात
डोळे पुसत थांबलेलं पोर, हे कुणी मोजत नाही.
तिथे रिकामी जागा फुकट,
इथे तिलाही दाम.

दहा वाजता इथेलचा फोन.
तोही भरतोय, हीच फेलोशिप, नऊ जागा, चारशे अर्ज.
'माझा खर्चाचा तक्ता बघतेस? डोळे फुटलेत माझे.'
बघितला.
तिसऱ्या वर्षाची बेरीज चुकली होती.
अशा चुकीवर अर्ज उघडायच्या आधीच बाजूला पडतो.

मी चहा ठेवला.
पाणी उकळलं, आटलं, पुन्हा घातलं.
चारशेतला एक कमी झाला, तर
कुणाच्या वहीत काय लिहिलं जाणार होतं?
त्याची मुलगी फोनमागे खोकत होती.

'ओळ सतरा,' मी म्हटलं, 'भाडं दोनदा धरलंयस.'
'अगं, तू नसतीस तर…'
'झोप आता.'

अकरा बावन्नला माझा अर्ज गेला.
तीन हजार नऊशे नव्व्याण्णव. एक अक्षर उरलं;
काय करायचं त्याचं, सुचलं नाही.

मग कोट चढवून समुद्रकाठच्या रस्त्याने
थेट टोकाला गेले, कठड्यापर्यंत.
इथली माणसं तिथवर चालत जातात,
लोखंडाला एक लाथ घालतात आणि परततात.
का, ते कुणालाच धड ठाऊक नाही,
आणि त्यावर अजून कुणी अनुदानही मागितलेलं नाही.

मीही घातली. बुटाचं टोक ओलं झालं.

उद्या मंगळवार. नऊचा तास आहे.